घरचे फोटो आणि व्हिडिओ : दुरुस्ती, प्रिंट आणि वाटप – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की, आणि मग पुन्हा लग्नसराई संपली की, नात्यातली आणि सोसायटीतली मंडळी मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. फोटो तिघांच्या फोनमध्ये, व्हिडिओ चौथ्याकडे, आणि प्रिंट कुठून काढायची ते ठरत नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली. यातले बहुतेक काम साध्या फोनवर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर होते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. बाकी सगळे नंतर.

कार्य झाले. सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी कसे गोळा करायचे?

"ग्रुपवर टाका" एवढे मात्र म्हणू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि फाइलच्या पोटातली माहितीही गळून पडते: काढल्याची तारीख, वेळ, जागा, कॅमेरा. फाइलच्या नावात 'डब्ल्यूए'च्या आधी जी तारीख दिसते ती फोटो पाठवल्या-मिळाल्याची असते. म्हणूनच मे महिन्यातली मुंज फोनमध्ये ऑगस्टच्या फोटोंत जाऊन बसते आणि पुढे कुणालाच सापडत नाही. २०२३ पासून तिथे 'एचडी'चा पर्याय आहे, त्याने चित्र बरे जाते, पण तेही मूळ फाइलपेक्षा लहानच.

व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मग फाइल जशीच्या तशी जाते आणि एक फाइल २ जीबीपर्यंत चालते. त्याहून सोयीचे म्हणजे गूगल फोटोजवर एक सामायिक अल्बम करून त्याची लिंक सगळ्यांना देणे. माणसे अजून घरातच असतील तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने तिथल्या तिथे घ्या. पाहुणे गावी परतले की फोटो मिळायला महिने लागतात, हा सगळ्यांचाच अनुभव.

दोन-तीन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळे जुळत नाहीत आणि हार घातल्यानंतरचा फोटो आधी येतो. यावर सोपी युक्ती आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण प्रत्येकाने टिपलेलाच असतो. तो फोटो खूण म्हणून धरा, फरक किती मिनिटांचा आहे ते पाहा आणि डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम मागेपुढे सरकवा.

हजार फोटोंतून निवडायचे कसे?

पहिल्या फेरीत फक्त हललेले, डोळे मिटलेले आणि चुकून दबलेले काढून टाका. दुसऱ्या फेरीत एकसारख्या पाचांतला एक ठेवा. तिसरी फेरी दोन दिवसांनी करा आणि त्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. तांत्रिकदृष्ट्या वाईट असलेला एखादा फोटो त्यांना हवा असतो, कारण त्यात मागे कोपऱ्यात कुणीतरी उभे असते. तो ठेवाच.

एडिट केल्यावर मूळ फोटो बिघडतो का?

बिघडू शकतो, म्हणून पहिला नियम हाच: मूळ फाइलला हात लावायचा नाही. जेपीजी हा प्रकार दर वेळी सेव्ह करताना थोडा तपशील टाकून देतो. एकदा-दोनदा कळत नाही, पण तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करत राहिलात की आकाशात चौकटी आणि चेहऱ्याच्या कडेला घाण दिसू लागते. फोन कॅमेऱ्यांतून उतरवलेले सगळे 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काम त्याच्या प्रतीवर करा. गूगल फोटोज आणि आयफोन यांच्यातली दुरुस्ती मागे घेता येते, डार्कटेबल हे संगणकावरचे सॉफ्टवेअर तर मूळ फाइलला स्पर्शच करत नाही. तरीही वेगळा फोल्डर हवाच, कारण घरात फोन हाताळणारे आपण एकटे नसतो.

हॉलमधले फोटो पिवळे किंवा हिरवट येतात. काय करावे?

पिवळा बल्ब, ट्यूब आणि स्टेजवरचे रंगीत एलईडी यांचा प्रकाश एकाच फोटोत मिसळतो, तिथे कॅमेरा गोंधळतो. फोनवर स्नॅपसीड ॲपमध्ये 'व्हाइट बॅलन्स', संगणकावर गिम्प सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स'मधला करडा ड्रॉपर घ्या आणि फोटोतल्या खरोखर पांढऱ्या वस्तूवर टेकवा. आपल्या कार्यात गांधी टोपी हमखास सापडते. फक्त ती नीळ घातलेली नसावी, नाहीतर सगळा फोटो पिवळ्याकडे झुकेल. टोपी नसेल तर पांढरा सदरा, भटजींचे उपरणे, अगदी हॉलची भिंतही चालते.

रंग आधी, उजेड नंतर. पुढे 'शॅडोज' थोडे वर आणि 'हायलाइट्स' खाली केलेत की जरीचा काठ पांढरा फटफटीत न दिसता परत उमटतो. राणी रंगाची नऊवारी आणि हळदीचा पिवळा या दोन रंगांत फोन फार भडकपणा करतो आणि कापडाच्या चुण्या दिसेनाशा होतात. तिथे 'सॅच्युरेशन' वाढवायचे नसते, उतरवायचे असते.

"मुलीला जरा गोरी करून दे" म्हणतात. करावे का?

मी करत नाही आणि तुम्हीही करू नका असे मनापासून सांगते. पुरळ, मेकअपचा डाग, घामाची चमक काढणे ठीक आहे. ती त्या दिवसापुरती असते. वर्ण आणि हनुवटीवरचा तीळ ही त्या माणसाची ओळख आहे. तीस वर्षांनी तिची मुलगी तो अल्बम बघेल तेव्हा तिला आपली आई दिसायला हवी. ॲपमधले 'ब्यूटी'चे बटण बऱ्याच फोनमध्ये आधीपासून चालू असते, ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एकदा फोटो तसा निघाला की खरी त्वचा परत आणता येत नाही.

आजोबांचा एकट्याचा फोटो नाही, एक ग्रुप फोटो आहे. तो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे.

हा प्रश्न येतो तेव्हा बहुधा घरात दुःख असते आणि तेराव्याच्या आत फ्रेम हवी असते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशेब बघा. सहा इंची ग्रुप फोटोत वीस माणसे असतील तर एक चेहरा साधारण ६ मिलिमीटरचा असतो. १२०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला तरी त्याला जेमतेम २८० पिक्सेल मिळतात. तो चेहरा तीन इंचांचा केलात तर इंचाला शंभर पिक्सेलही उरत नाहीत, आणि चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० लागतात. शिवाय कागदावरच्या फोटोतच त्याहून जास्त तपशील नसतो, स्कॅनरचा आकडा वाढवून तो येत नाही.

म्हणून आधी दुसरीकडे शोधा. निगेटिव्ह मिळाली तर तीत प्रिंटपेक्षा खूप जास्त तपशील असतो. सुनेच्या माहेरी, भावंडांच्या घरी, जुन्या अल्बमात विचारा. बँकेचे पासबुक, पेन्शनची कागदपत्रे, नोकरीचे ओळखपत्र, रेल्वेचा पास यांवर पासपोर्ट फोटो चिकटवलेला असतो. त्यातला चेहरा ग्रुप फोटोतल्यापेक्षा तीन-चारपट मोठा निघतो. शिक्का बसला असला तरी तो पुसणे सोपे असते.

काहीच मिळाले नाही तर प्रिंट लहान ठेवा. खांद्यापर्यंतचा भाग घेऊन ५×७ इंचांची प्रिंट मॅट कागदावर काढा आणि भोवती रुंद पांढरा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) देऊन मोठ्या फ्रेममध्ये बसवा. भिंतीवर ती भारदस्त दिसते आणि चेहरा फाटत नाही.

हल्ली एआयची ॲप धूसर चेहरा क्षणात लख्ख करतात. ती हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, त्यांच्याकडच्या लाखो चेहऱ्यांवरून नवा बसवतात. डोळ्यांचा आकार बदलतो, दात सरळ होतात, चष्म्याच्या काड्या बदलतात. एका घरात फ्रेम लावल्यावर आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे ह्यांच्यासारखे आहेत, हे नाहीत." ती फ्रेम उतरवून आम्ही धूसर फोटोच लावला. ओरखडे, डाग, घड्या काढायला असे ॲप जरूर वापरा. चेहऱ्यावर मात्र चालवू नका.

जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. ओढून काढू का?

नाही. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि काचेला डिंकासारखा बसतो. ओढलात तर चेहरा काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करा. त्यासाठी सीसीडी प्रकारचा फ्लॅटबेड स्कॅनर लागतो. प्रिंटरवर येतो तो पातळ स्कॅनर काचेच्या जाडीएवढ्या अंतरावरही धूसर करतो. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, स्वतःच्या मागे काळी चादर धरून, थोडे लांबून झूम करून फोटो काढा, प्रतिबिंब येत नाही. पुढच्या वेळी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटचा पुठ्ठा घालायला सांगा.

जुने अल्बम स्कॅन करायला फोन पुरतो का?

बघण्यापुरता आणि पाठवण्यापुरता पुरतो. गूगलचे फोटोस्कॅन ॲप चार बाजूंनी चित्रे घेऊन चकाकी काढून टाकते. पण पुन्हा प्रिंट काढायची असेल तर स्कॅनरच हवा. तेवढ्याच आकाराच्या प्रिंटला ३०० डीपीआय, दुप्पट करायची तर ६००. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला २४०० पुरते, त्यातून सुमारे ३४०० × २२७० पिक्सेलचे चित्र मिळते. जपून ठेवायची प्रत टिफमध्ये सेव्ह करा, पाठवायची जेपीजीत.

चिकट पानांवर वर प्लास्टिक असलेल्या अल्बमातले फोटो बोटाने उचकटू नका. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवला की ते सुटतात. आणि फोटो सुटला की त्याची पाठही स्कॅन करा. 'बेबीचे बारसे, दादर' असे कुणाच्या तरी हस्ताक्षरात लिहिलेले असते, स्टुडिओचा शिक्का असतो. पुष्कळदा तेवढ्यावरूनच साल लागते.

पुरात अल्बम भिजले. आता फेकायचेच का?

थांबा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला घरात पाणी शिरले तेव्हा कितीतरी अल्बम चिखलासकट कचऱ्यात गेले. त्यातले बरेच वाचले असते. लॅबमध्ये केमिकलने धुतलेली प्रिंट मुळात पाण्यातच तयार झालेली असते. घात होतो तो अर्धवट वाळताना, फोटो एकमेकांना चिकटून.

म्हणून ओले असतानाच वेगळे करा. चिकटलेले वाटले तर स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटू द्या. चिखल पाण्याने हलकेच निथळू द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग चित्र वर करून सुती कापडावर सावलीत पसरा. ऊन नको, इस्त्री नको. दोन दिवसांत हात लावायला सवड नसेल, आणि पुरानंतर ती नसतेच, तर फोटोंमध्ये प्लास्टिकचा कागद घालून पिशवी फ्रीझरमध्ये ठेवा. शेजारच्या गावात ज्यांच्याकडे वीज आहे त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. महिन्याने काढून सावकाश करता येते. निगेटिव्हलाही हेच लागू. घरच्या इंकजेटवर छापलेले फोटो मात्र धुऊ नका, शाई वाहून जाते. ते तसेच वाळवा.

कोणत्या आकाराच्या प्रिंटला किती पिक्सेल लागतात?

इंच गुणिले ३००. म्हणजे ४×६ ला १२०० × १८००, ८×१० ला २४०० × ३०००, १२×१८ ला ३६०० × ५४००. भिंतीवर लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला इंचाला २०० ही चालतात. आजचा कुठलाही फोन ८×१० सहज देतो, अट एकच, फाइल मूळ हवी.

खरी अडचण आकाराच्या प्रमाणाची असते. फोनचा फोटो ४:३, कागद ३:२. लॅबचे मशीन उरलेला भाग न विचारता कापते, आणि नेमका नवरदेवाचा फेटा वरून जातो किंवा आशीर्वाद घेणाऱ्यांची पावले खालून. म्हणून क्रॉप घरीच करून द्या. काहीही कापायचे नसेल तर लॅबला 'पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो' असे सांगा.

स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंट काळपट येते. लॅबची चूक?

बहुधा नाही. फोनची स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो हटकून काळा छापला जातो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, 'नाइट मोड' बंद करा आणि दिवसा काम करा. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फोटोच्या उजेड थोडा थोडा वाढवलेल्या तीन ४×६ प्रती काढून बघा. लॅबला रंग त्यांच्या मशीनवर आपोआप न बदलण्याची सूचना द्या आणि फाइल 'एसआरजीबी' रंगातच असू द्या.

घरी फोटो प्रिंटर घ्यावा का?

आठवड्यातून एकदा तरी रंगीत छापणार असाल तर घ्या. पडून राहिलेल्या इंकजेटची नोझल वाळते आणि ती साफ करण्यातच शाई संपते. महिन्या-दोन महिन्यांनी दहा-वीस फोटो एवढीच गरज असेल तर लॅब स्वस्त पडते आणि तिची प्रिंट जास्त टिकते. घेतलात तर इंक टँकचा घ्या, कागद किमान २०० जीएसएमचा वापरा आणि सेटिंगमध्ये तोच कागद निवडा. साधा कागद निवडून फोटो पेपर घातला की रंग फिके येतात. कागदाचे उघडलेले पाकीट पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा.

पासपोर्ट फोटोंना मात्र घरचा प्रिंटर उपयोगी. ३५ × ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४×६ कागदावर बसतात. प्रत्येक अर्जाचे माप वेगळे असू शकते, ते आधी वाचा.

लग्नाचा करिझ्मा अल्बम छापायला जाण्याआधी काय तपासावे?

१२×३६ चे उघडे पान म्हणजे ३६०० × १०८०० पिक्सेल. डिझाइनची जेपीजी मागवून घ्या आणि चारच गोष्टी बघा: मधल्या घडीवर कुणाचा चेहरा नाही ना, कडेपासून अर्ध्या इंचात डोकी नाहीत ना, नावांचे शुद्धलेखन, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अल्बमात आहेत ना. शेवटची चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि सगळ्यात जास्त लागते.

फोटोवर किंवा व्हिडिओवर मराठी नावे टाकली की अक्षरे तुटतात. का?

दोन वेगळी कारणे असतात. 'श्रीलिपी'सारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन दिसतो. लॅबला डिझाइनची मूळ फाइल देऊच नका, पूर्ण आकाराची जेपीजी द्या. दुसरे, युनिकोडमध्ये लिहूनही ऱ्हस्व वेलांटी पुढे जाते, 'क्ष' सुटा होतो. तिथे सॉफ्टवेअरला जोडाक्षरे बांधता येत नसतात. फोटोशॉपच्या मजकूर सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' निवडा, जुन्या आवृत्तीत त्याला 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' म्हणतात. गिम्प आणि इंकस्केप यांत ही अडचण येत नाही. व्हिडिओ एडिटर हट्टीपणा करत असेल तर नावाची पाटी इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून व्हिडिओवर ठेवा.

फॉन्ट निवडताना मराठी वळण बघा, पाकळीचा ल आणि देठाचा श. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू मोफत आहेत. 'टिरो देवनागरी मराठी' तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे. निमंत्रण, अल्बम, भिंतीवरची तसबीर यांवर आपल्या वळणाचे अक्षर असले की ते घरचे वाटते.

तीन तासांचे शूटिंग आहे, कुणी बघत नाही. छोटे कसे करू?

पूर्ण व्हिडिओ तसाच ठेवा आणि त्याशिवाय दहा-बारा मिनिटांचा एक करा. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, तिन्ही घरच्या कामाला भरपूर आहेत. सुरुवात आवाजापासून करा. मंगलाष्टकांचा सलग चांगला आवाज ज्या फोनमध्ये असेल तो खाली अंथरा आणि वर वेगवेगळ्या फोनमधली दृश्ये बदलत राहा. आवाज अखंड असला की दृश्य कितीदा बदलले तरी खटकत नाही. त्यावर सिनेमाचे गाणे चढवून मूळ आवाज पुसू नका. मामाचा खोकला, करवलीचे हसणे, "सावधान" म्हणताना भटजींचा चढलेला स्वर, हे पुढे चित्रापेक्षा मोलाचे ठरते.

मखराच्या दिव्यांमुळे व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि ३० फ्रेमच्या व्हिडिओशी ती लय जुळत नाही. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० आणि शक्य असल्यास २५ फ्रेम ठेवा. लुकलुकणाऱ्या एलईडी माळांना त्यांची स्वतःची गती असते. त्या आरतीच्या वेळी स्थिर ठेवणे हाच उपाय.

एडिट करताना ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात.

फोन फ्रेमची गती मधूनमधून बदलतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून फाइल आधी बदलून घ्या, मग एडिट करा.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडी अजून आहेत. वाचतील का?

वाचतील, पण या वर्षीच करा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, त्यानंतर जुने दुरुस्त करूनच काम चालले आहे. कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर घालू नका. टेप तुटते आणि बुरशी मशीनमधून पुढच्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट साफ करणाऱ्याकडेच द्या. बाकीच्यांसाठी यूएसबी कॅप्चरचे साधे यंत्र मिळते, ७२० × ५७६ आकारात घ्या. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर 'डीइंटरलेस' करा. मिनीडीव्ही कॅसेट मात्र फायरवायर केबलने घ्या. तिच्यातला व्हिडिओ मुळातच डिजिटल असतो, तासाला सुमारे १३ जीबी, काहीही न गमावता उतरतो.

डीव्हीडी आधी कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. गोल पुसू नका. मग 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर अख्खे संगणकावर उतरवा. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर वाचते, दोन-तीन बदलून बघा.

फोटोग्राफर मूळ फोटो देत नाही. हक्क कुणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा आणि चित्रफितीचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी वाचा आणि मूळ फाइली किती दिवसांत, कशावर मिळतील ते लिहून घ्या. आमच्या घरच्या एका कार्यात हे लिहून घ्यायचे राहिले आणि वर्षभराने विचारले तेव्हा हार्ड डिस्क बिघडल्याचे उत्तर मिळाले.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, गाण्यामुळे अडवला.

लग्नात गाणे वाजवायला कायद्यात सूट आहे, ते रेकॉर्ड करून जगाला दाखवायला नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणे आपोआप ओळखते. तिथल्याच ऑडिओ लायब्ररीतले संगीत घ्या, किंवा घरातल्या कुणी म्हटलेली ओवी रेकॉर्ड करून वापरा. व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा. लिंक असलेल्यालाच दिसतो, अमेरिकेतल्या मावशीलाही.

मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही.

पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा आहे, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आतले सगळे काढून घेऊन 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा.

आयफोनचे फोटो लॅबच्या संगणकावर उघडत नाहीत.

२०१७ पासून आयफोन 'एचईआयसी' (हाइक) प्रकारात सेव्ह करतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. आधीचे जेपीजीत बदलून न्या.

कार्ड चुकून पुसले गेले.

ते कार्ड त्या क्षणी कॅमेऱ्यातून काढा. त्यावर नवा एकही फोटो पडला नाही तर फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने बहुतेक परत मिळतात.

गूगलवर आहेत, मग वेगळी प्रत कशाला?

१ जून २०२१ पासून तिथे फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच फुकट आहेत. 'स्टोरेज सेव्हर' निवडले असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान होतात. शिवाय फोनमधून गूगलवर चढवलेला फोटो त्या ॲपमधून पुसला की दोन्हीकडचा जातो. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे गूगल, किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीच्या कपाटातली डिस्क. दिवाळीच्या साफसफाईला ती डिस्क जोडून चार-सहा फोल्डर उघडून बघा.

लहान मुलांचे फोटो टाकताना काय जपावे?

फाइलमध्ये घराची जागा नोंदलेली असते, गूगल फोटोजच्या लिंकमध्ये ती जाऊ न देण्याचा पर्याय आहे. शाळेचा गणवेश आणि बिल्ला दिसणारे फोटो सर्वांसाठी खुले ठेवू नका. आंघोळीचे तर कुणालाच पाठवू नका.

फोटोत कोण आहे हे कुठे लिहायचे?

कागदी फोटोवर पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. डिजिटल फोटोत डिजिकॅमच्या 'कॅप्शन'मध्ये लिहा, ते फाइलमध्येच बसते आणि फाइलबरोबर फिरते. गूगल फोटोजमध्ये लिहिलेली ओळ मूळ फाइलमध्ये जात नाही. नावे पूर्ण लिहा. 'ताई', 'बंडूकाका' एवढ्याने पुढच्या पिढीला काही कळत नाही. 'बंडूकाका' हे राहू द्या, पुढे खरे नाव आणि गाव जोडा.

सुट्टीत आजी-आजोबांना टीव्हीवर जुने स्कॅन दाखवायला बसवा आणि एक फोन रेकॉर्डिंगला लावून टीपॉयवर ठेवा. प्रत्येक फोटो लावताना त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा. नावे नंतर ऐकून भरता येतात. ते रेकॉर्डिंग पुसू नका, त्याच फोल्डरमध्ये ठेवा.